ज्वारीच्या मुलखात बिनगव्हाची भाकर शोधताना

परत येऊन वीस दिवस झाले. राग निवला की लिहीन, असं ठरवलं होतं. तो काही निवेना, म्हणून आहे तसाच घेऊन बसलेय. ज्यांना गोड प्रवासवर्णन हवं त्यांनी इथूनच परत फिरावं. ज्यांच्या घरात माझ्या सईसारखं पोर आहे त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा, काही गोष्टी कामाच्या निघतील.

सई माझी मुलगी. सोळा वर्षांची, यंदा दहावी झाली. तिला सिलिअॅक आहे, म्हणजे गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे, आणि बारीक व्हायचंय असं तर मुळीच नव्हे. चिमूटभर कणीक पोटात गेली तरी तिचं शरीर तिच्याच आतड्यावर उठतं. उलट्या, कळा, पुढचे दोन-तीन दिवस अंगात त्राण नाही. बारा वर्षांची होईपर्यंत सगळे म्हणायचे, पोरीच्या अंगी लागत नाही. मीही म्हणायचे आणि आणखी एक पोळी तिच्या ताटात टाकायचे. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. निदान झालं त्या दिवसापासून आमच्या देवणीच्या घरात गव्हाचा दाणा आलेला नाही.

देवणीत आमचं बरं चाललंय. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सईचे बाबा गुरांच्या दवाखान्यात कामाला आहेत. गावच्या गिरणीत दोन चक्क्या आहेत, एक गव्हाची आणि एक ज्वारीची. गर्दी झाली की गिरणीवाला सोय बघतो, जी रिकामी दिसेल तिच्यात डबा ओततो. म्हणून दर रविवारी मी स्वतः तिथं उभी राहते आणि दर दोन रविवारांआड आमचं भांडण होतं. माझा आवाज चढला की सई लांब लिंबाखाली जाऊन उभी राहते, जणू ही बाई तिची कुणीच नव्हे.

तर ह्या सईला गुरांची डॉक्टर व्हायचंय. त्यासाठी नीटची परीक्षा, नीटसाठी क्लास, आणि आमच्याकडं क्लास म्हणजे लातूर नाहीतर नांदेड. दोन वर्षं घराबाहेर राहायचं. बाकीच्या आयांना फीची आणि सोबतीची काळजी. मला एकच, हिला दोन वेळा कोण जेवू घालणार? त्याची सोय लागली तर पोरगी शिकणार, नाहीतर देवणीतच राहणार. एवढ्यासाठीच आम्ही दोघी निघालो.

सामान सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. तीन किलो ज्वारीचं पीठ, छोटा तवा, शेंगदाण्याची चटणी, मुरमुरे, गूळ आणि सईचं स्वतंत्र ताट-वाटी. कपडे त्यातून उरलेल्या जागेत. देवणीहून उदगीर, तिथून नांदेडची बस. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. बस एका फाट्यावर चहाला थांबली. तिथं वडापाव, समोसा, भजी, पोहे. पोहे चालतात, पण त्यावर मूठभर शेव-फरसाण टाकायची पद्धत आहे आणि ज्या हातानं पाव उचलायचा त्याच हातानं टाकायची. आम्ही बसमध्येच मुरमुरे-शेंगदाणे खाल्ले.

नांदेडला माझी थोरली बहीण असते, आक्का. खरं तर नांदेडचा बेत तिच्यामुळेच होता. मावशीचं घर असताना मेस कशाला शोधायची, असं सईच्या बाबांचं म्हणणं. आक्काही फोनवर म्हणाली होती, "पाठव की पोरीला. मी काय परकी हाय का?" दारात पोचलो, मी पिशवीतून पिठाचा डबा काढला, आणि आक्काचं तोंड उतरलं.

"आगं, माझ्या घरी येऊन तू तुझं पीठ मळणार? मावशीचं घर हाय का खानावळ? मी काय ज्वारी बघितली न्हाई का जन्मात?"

मी डबा पिशवीत परत ठेवला. गिरणीवाल्याशी भांडणारी, बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचणारी मी, थोरल्या बहिणीपुढं गप्प बसले. ह्या सगळ्या प्रवासात माझा सगळ्यात जास्त राग ज्या माणसावर आहे, ते माणूस मीच.

आक्कानं नवी परात काढली, तवा घासून घेतला, ओटा दोनदा पुसला. दुपारच्या ताटात पांढरीशुभ्र, टम्म फुगलेली भाकर आली. शेजारी पालेभाजी, ठेचा, दही. सई दोन भाकरी जेवली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण मे महिन्यातल्या जुन्या ज्वारीची भाकर इतकी गुळगुळीत होत नाही. चार वाजता सई पोट धरून बसली. सहा वाजता पहिली उलटी झाली.

"आक्का, पिठात काय घातलं होतंस?"

आक्का पदर चाचपत राहिली. मग म्हणाली, "जुनी ज्वारी गं. थापायला गेले की चिरा पडून राहिल्या. उचलली की मोडायची. मग मूठभर कणीक मिसळली. मूठभरच! पोरगी चार वर्षांनी आली माझ्या दारात, तिला मोडकी भाकर वाढू का मी?"

जे आमच्या भागातले नाहीत त्यांना सांगते. पाहुण्याच्या ताटात भाकर अख्खी पडावी लागते. मोडकी, चतकोर, कोर जळालेली, ती घरच्यांनी खायची. आक्कानं माझ्या पोरीला विष घातलं नाही, मान दिला. आणि ह्याच्याइतका चीड आणणारा प्रकार दुसरा नाही. परक्यानं केलं तर तोंडावर बोलता येतं. इथं मला बोलता येईना, आणि आक्का रडत होती ती वेगळीच. मला तिची समजूत घालावी लागली! आत माझी पोरगी भिंतीला टेकून बसलेली, आणि मी बाहेर बहिणीला म्हणतेय, असू दे, होतं असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या क्लासची प्रवेश परीक्षा होती. सई गेली. वीस मिनिटांत बाहेर आली, पेपर तसाच ठेवून. चेहरा पिठासारखा पांढरा. "आई, आकडे हलून राहिलेत," एवढंच म्हणाली. मी तिला रसवंतीवर बसवलं, पण उसाचा रसही तिला जाईना. नांदेड तिथंच संपलं.

पण जेवायला तर हवंच होतं. आक्काकडं परत जाऊन तिच्या स्वयंपाकघरात डबा उघडायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मग हॉटेलं धुंडाळली. स्टँडजवळच्या एका ठिकाणी पाटी होती, 'ज्वारीची भाकरी मिळेल'. मालक म्हणाला, "ज्वारीचीच हाय ताई, गॅरंटी." मी म्हणाले, करताना बघू द्या. आत एक बाई झपाझप भाकरी थापत होती. पीठ ज्वारीचं, खरंच. पण शेजारी दुसऱ्या थाळीत दुसरं पीठ, आणि प्रत्येक भाकरीखाली त्याची चिमूट.

"हे कशाचं, ताई?"

"गव्हाचं. खाली लावलं की चिकटत न्हाई."

मालक मागून म्हणाला, "आवो, ते खालून लावलंय. आत थोडंच हाय?"

मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. सईनं माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

दुसऱ्या हॉटेलात साधा वरण-भात मागितला आणि विचारलं, फोडणीत हिंग कोणता? गव्हातलं ग्लुटेन टाळणाऱ्यांनो, हे लिहून ठेवा. बाजारातल्या बहुतेक डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. मॅनेजर हसला. "ताई, हिंगात गहू? उद्या म्हणाल मिठात मैदा." मी म्हणाले, डबी आणा. आणली. मी बोट ठेवलं. त्यानं डबी डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचलं आणि त्याचं हसू गेलं. "इतकी वर्षं वापरून राहिलो. कधी वाचलंच न्हाई बघा." मग त्यानं स्वतः स्वच्छ पातेल्यात नुसता भात लावला, वर तूप आणि मीठ. बटाटे उकडून दिले. नांदेडमध्ये सईच्या पोटात गेलेलं पहिलं धड अन्न ते. त्या माणसाचं हसणं मी विसरले नाही, पण तो भातही विसरले नाही.

दुपारी गुरुद्वाऱ्यात जाऊन आलो. आत गार, शांत. कडाप्रसाद कणकेचा असतो. सईनं हात जोडले आणि ओंजळ मागं घेतली, तिच्या वाटचा मी घेतला. देवाच्या दारातही पोरीला नको म्हणावं लागतं, ह्याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी लातूर. लोहा, अहमदपूर करत बस साडेतीन तासांत पोचते. खिडकीतून रानं दिसत होती. ह्या रानांत पिढ्यान् पिढ्या ज्वारी पिकली. माझ्या आजीला पोळी सणालाच मिळायची. आणि आता ह्याच मुलखातल्या शहरात एका पोरीला निव्वळ ज्वारीची भाकर मिळेना. पोळी म्हणजे सुधारलेलं घर, भाकर म्हणजे खेडवळ, असं आपणच ठरवलं ना? मग लातूरच्या एका चकचकीत दुकानात मला ज्वारीच्या पिठाचं पाकीट दिसलं, वर छान इंग्रजीत 'ग्लुटेन फ्री'. अर्ध्या किलोला एकशे ऐंशी रुपये, आणि पॅक केलंय कुठं तर दुसऱ्याच राज्यात. मी ते पाकीट हातात घेऊन एवढ्या मोठ्यानं हसले की सिक्युरिटीवाला जवळ आला.

ट्यूशन एरियात, म्हणजे क्लासच्या गल्ल्यांत, घराघरावर पाट्या आहेत. 'मुलींसाठी घरगुती जेवण', 'आईच्या हातची चव'. दीड दिवसात आम्ही अकरा मेस पाहिल्या. मी प्रत्येक ठिकाणी तेच बोलले. वेगळी परात, वेगळा तवा, वरून पीठ लावायचं नाही, हिंग नको, आजार आहे, कागदपत्रं दाखवते. आणि बहुतेक ठिकाणी मला एकच उत्तर मिळालं.

"हाव की. होऊन जाईल."

परात दाखवा म्हटलं की दाखवायला परात नाही. एकीनं सांगितलं, "आमच्याकडं धपाटे असतेत की, ज्वारीचे." त्यात कणीक घालता का? "ती तर घालावीच लागते." एका हॉस्टेलचे सर म्हणाले, "मॅडम, दोन महिने सगळ्यांबरोबर खाऊ द्या, सवय होऊन जाते. तुम्ही लई लाडावून ठेवलंय." सवय! मी त्यांना म्हणाले, तुमच्या डोळ्यात रोज तिखट टाकते, दोन महिन्यांत सवय होईल. सई माझ्या मागं उभी राहून जमिनीकडं बघत होती. ती दीड दिवस एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, दमलीय.

चौथ्या दिवशी दुपारी बारावं घर. गायकवाड काकूंचं. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. दिवाणखान्यात बुद्धाची मोठी तसबीर, खाली आठ मुलींच्या चपला ओळीनं. मी माझं पाठ झालेलं सगळं बोलले. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "न्हाई ताई. मला न्हाई जमणार."

मी म्हणाले, "का?"

"ह्या ओट्यावर रोज साठ पोळ्या लाटल्या जातेत. पीठ हवेत उडतं. मी कितीबी पुसलं तरी राहतंच. तुम्हाला हाव म्हणले अन् पोरगी आजारी पडली, तर मी नर्स कशाची?"

मी खुर्चीत बसले. चार दिवसांत एका माणसानं पहिल्यांदा खरं उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर नाही होतं. मी उठून म्हणाले, "चल सई, घरी जाऊ. देवणीतच शिक."

"मी न्हाई येणार," सई म्हणाली.

मी वळून बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला. "काकू, मला गच्चीत नाहीतर कुठंबी एक शेगडी ठेवायला जागा द्या. माझं मी करून खाईन."

"तू? तुला भाकर येते?" मी म्हणाले. "आणि अभ्यास कधी करणार? दोन वेळा थापत बसलीस तर—"

"पोट दुखताना तरी कुठं होतो अभ्यास? आई, तू सगळीकडं माझ्याआधी बोलतेस. अकरा घरं झाली, एकानं तरी मला विचारलं का, तुला काय होतंय म्हणून? तू विचारूच देत न्हाईस. आन् मावशीकडं बोलायचं होतं, तिथं गप्प बसलीस!"

मला इतका राग आला की कानशिलं तापली. मी तोंड उघडलं. काकू मध्येच म्हणाल्या, "पोरगी बोलून राहिली तर बोलू द्या की, ताई."

मी तोंड मिटलं. काय करणार, शेवटचं वाक्य खरं होतं.

काकूंच्या गच्चीवर एक खोली आहे. मुलगा-सून पुण्याला जाण्याआधी तिथं राहत होते. ओटा आहे, नळ आहे. काकूंनी अट घातली, "वर गव्हाचं कायबी जाणार न्हाई, ही माझी जबाबदारी. बाकी तिची तिनं बघायची. अन् आधी मला एक भाकर करून दाखव." आम्ही पिशवीतला डबा काढला. चार दिवस ओझं वाहिलेलं ते पीठ पहिल्यांदा तिथं परातीत पडलं. काकूंनी पाणी उकळून दिलं. सईनं मळलं, थापलं, उचललं, आणि भाकर हातातच मोडली. दुसरी तव्यावर जाऊन पडली तीन तुकड्यांत. एकाला कोर नाही, एक करपलेला, तिन्ही मिळून आमच्या तालुक्याचा नकाशा. माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली घालून बसले.

सईनं ते तीन तुकडे चटणीबरोबर खाल्ले. आम्ही संध्याकाळपर्यंत तिथंच बसलो. चार वाजले, सहा वाजले. तिचं पोट दुखलं नाही.

लातूरच्या क्लासची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सई ती पूर्ण देऊन आली, दुपारी निकाल लागला, नाव यादीत होतं. वर्ग लगेचच सुरू होणार होते, म्हणून ती तिथंच राहिली. बाबांनी तिचे कपडे आणि पुस्तकं एसटीच्या पार्सलनं पाठवली. मी एकटी औसा, निलंगा मार्गे परत आले. निलंग्याच्या स्टँडवर गाडीवरचा पिवळा राईस घेतला, सोबत दोन पाव. चार वर्षांत पहिल्यांदा कुणाला एक प्रश्न न विचारता खाल्लं. चांगला होता, आणि त्याचाही मला राग आला.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. स्वतःचं पीठ आणि तवा न्या, आणि कुणाचं तोंड उतरलं तर उतरू द्या. पाटीवर विश्वास ठेवू नका, भाकर थापताना बघा. हिंगाची डबी मागा. दही, केळी, शेंगदाणे, साधा भात कुठंही मिळतो. आणि लगेच हो म्हणणाऱ्या घरात थांबू नका.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी सईचे बाबा चाचरत म्हणाले, "आता घरात पोळ्या केल्या तर चालतील ना?" चार वर्षं हा माणूस एका शब्दानं न बोलता भाकरीच खात होता. तरी मी त्याच्यावर खेकसले. ती दिवाळीला येईल, तेव्हा काय ओटा धुऊन निघणार आहे का? त्यानं पुढ्यातली भाकर मोडली, आणि मला वाईटही वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. सई. मागं गिरणीचा घरघराट.

"आई, मी दळण आणायला आलेय. इथं पण दोन चक्क्या हायेत. ज्वारीच्या चक्कीवर रांग होती, तर हा माणूस माझा डबा गव्हाच्या चक्कीत ओतायला निघाला. म्हणतो, एवढ्यानं कुणाला काय होतंय? मी म्हणले, मला होतंय, खाली ठेवा तो डबा."

"मग?"

"मग लई भांडले. सगळे बघून राहिले होते. क्लासची एक मैत्रीण सोबत आलीय, ती लांब जाऊन उभी राहिलीय, रिक्षा स्टँडपाशी." ती हसत होती. "आता माझ्यासमोर ज्वारीच्या चक्कीत टाकलंय त्यानं. मी इथंच उभी हाय, संपेपर्यंत हलत न्हाई. आई, माझा आवाज अगदी तुझ्यासारखा निघाला गं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिनं विचारलं, "आई, चिडलीस का?"

"नाही," मी म्हणाले. "तू फोन ठेव. चक्कीकडं बघ."